शिट्टी होईपर्यंतचं भाषण

शिट्टीबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. थोरल्या मुलीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी पलंग असलेल्या खोलीत. नातीची ती आजी, जावयांच्या त्या आई, आणि इमारतीतल्या बाकीच्यांच्या लेखी दुपारी जिन्याच्या पायरीवर पेपर वाचत बसणाऱ्या म्हाताऱ्या बाई. शिट्टीबाई म्हणणारं माणूस आता आसपास कुणी उरलेलं नाही. एके काळी मात्र या नावावर शाळांचे हॉल आणि कारखान्यांच्या वसाहतीतली सभागृहं भरत होती. शिट्टीबाई येणार म्हटलं की बायका हातातली कामं टाकून, केसांवरून ओला हात फिरवत यायच्या आणि दाराशी चपलांचा ढीग पडायचा.

काम सांगायला सोपं होतं. एका भांडी कंपनीसाठी गावोगाव फिरायचं आणि प्रेशर कुकर चालवून दाखवायचा. हे ऐकून नात हसते. कुकर काय चालवून दाखवायचा, म्हणते. तिला तरी कसं कळावं, ती शिट्ट्या ऐकतच मोठी झाली. त्या काळी कुकर म्हणजे स्वयंपाकघरात आणून ठेवलेला बाँब अशी पक्की समजूत होती. कुणाच्या तरी चुलत नणंदेकडे तो फुटला होता आणि झाकण छप्पर फोडून वर गेलं होतं. ही चुलत नणंद प्रत्येक गावात असायची. शिट्टीबाईंनी तिला बावीस वर्षं शोधलं, ती काही भेटली नाही.

खुद्द त्यांच्या सासूबाई कुकर चढवला की उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसत. पोटापाण्यासाठी सून हे धंदे करते, करू दे बापडी, पण मी त्यातलं खाणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. पुढे दात पडले आणि मऊ शिजलेलं बरं वाटायला लागलं, तेव्हा त्या काही न बोलता खायला लागल्या. शिट्टीबाईंनीही कधी विषय काढला नाही. समोरचा हरला हे त्याला दाखवायचं नाही, हे त्या घरातच शिकल्या होत्या, आणि हॉलमध्ये त्याचा फार उपयोग झाला.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुकानाच्या खिडकीशी बसलेला, अबोल माणूस. पण बायकोचं भाषण घडवलं ते त्यानेच. पाण्याने भरलेला कुकर स्टोव्हवर ठेवल्यापासून शिट्टी व्हायला किती वेळ लागतो, हे त्याने सात रविवार मोजलं. साडेसात ते आठ मिनिटं. तो म्हणाला, तुझं भाषण म्हणजे एवढंच. त्याआधी संपलं तर लोक नुसतं भांड्याकडे बघत बसतील, आणि नंतर उरलं तर शिट्टी तुझं बोलणं तोडेल. मग पुढे कैक वर्षं, घरी असल्या की रविवारी त्या कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहून बोलायच्या आणि तो मागे खुर्चीवर घड्याळ घेऊन बसायचा. दोन्ही मुली पलंगावरून आईची थट्टा करायच्या. धाकटी तर तिची नक्कल इतकी हुबेहूब करायची की सासूबाईसुद्धा तोंडाला पदर लावायच्या. ते रविवार आठवले की शिट्टीबाई अजून खिडकीबाहेर बघत बसतात, आणि चहा निवतो.

तर असं ते आठ मिनिटांचं भाषण. झाकण लावलं की सुरू, शिट्टी झाली की संपलं. पण त्याची खुबी अशी की आतली वाफ जसजशी फुसफुसायला लागेल तसतशी समोरच्या बायकांची धाकधूक वाढायची. पहिल्या रांगेतल्या मागे सरकायच्या. त्या वेळी शिट्टीबाई आवाज चढवायच्या नाहीत, उलट खाली आणायच्या, म्हणजे ऐकायला बायकांना पुढे वाकावं लागे. साऱ्या हॉलकडे त्या कधी बघत नसत. हाताची घडी घालून बसलेली, तोंड वाकडं केलेली एक तरी बाई प्रत्येक ठिकाणी असतेच. तिला पहिल्या मिनिटात हेरायचं आणि सगळं तिलाच सांगायचं. तिची घडी सुटली की निम्मा हॉल सुटला.

आणि शिट्टीच्या अगदी आधी एक प्रश्न असायचा. कुकरची तारीफ, इंधनाची बचत वगैरे सगळं सांगून झालं की त्या थांबायच्या आणि विचारायच्या, “तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं?”

कुणी उत्तर द्यायचं नाही. द्यायची गरजच नसायची. बायका एकमेकींकडे बघायच्या, कुणी पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, आणि तेवढ्यात शिट्टी व्हायची. दचकून सगळ्या हसायच्या. त्या हसण्यात कुकर विकला जायचा. मग शिट्टीनंतर शिट्टीबाई साध्या आवाजात कामाचं सांगायच्या: स्टोव्ह बंद करा, हात लावू नका, वाफ आपली आपण जाऊ द्या, शिट्टी उचलून बघा, फुस्स झालं नाही तरच झाकण फिरवा. हे भाषणात नव्हतं. हे भाषणानंतरचं होतं.

कंपनीची निळी व्हॅन होती आणि ती चालवणारे ड्रायव्हरमामा होते. टेबल मांडायचं, भांडी धुवायची, स्टोव्हभोवती वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा उभा करायचा, हे काम मामांचं. स्टोव्ह पेटवायचा मात्र शिट्टीबाईंनी. मामा तोंडाने फटकळ, पण व्हॅनमध्ये त्यांच्यासाठी उशी ठेवायचे. दोघांनी मिळून एवढे रस्ते पालथे घातले की कुठल्या टपरीवर चहा पाणचट आणि कुठे बरा, हे शिट्टीबाई आजही झोपेत सांगतील. पाय दुखायचे, घरच्या आठवणीने जीव खालीवर व्हायचा, लॉजच्या उशांना दुसऱ्यांच्या तेलाचा वास यायचा. तरी ते दिवस पुन्हा देतो असं कुणी म्हणालं तर त्या आत्ता चपला घालतील.

नोकरीला आठवं वर्ष लागलं तेव्हा कंपनीच्या साहेबांनी एक गोष्ट काढली. नव्या बायकांना शिकवायला मुख्य कचेरीत एक जागा निघणार होती. फिरती नाही, रोज संध्याकाळी घरी. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती आणि आई व्हॅनमध्ये चढायला लागली की दाराला धरून उभी राहायची, रडायची नाही, नुसती उभी राहायची. शिट्टीबाईंना ती जागा हवी होती. जीव टाकावा इतकी हवी होती.

त्याच महिन्यात एका कापड गिरणीच्या वसाहतीत डेमो लागला. हॉल नवा, बायका दोनशेच्या वर, आणि आयुष्यात पहिल्यांदा माईक. उभ्या दांडीचा, आणि त्याची वायर एवढी आखूड की तो स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातच उभा करावा लागला, टेबलापासून दहा पावलांवर. शिट्टीबाईंनी बटाटे घातले, पाणी घातलं, झाकण लावलं, शिट्टी ठेवली, कुकर स्टोव्हवर चढवला. तेवढ्यात माईकवाला म्हणाला, बाई, जरा बोलून बघा. त्या गेल्या, बोलून बघितलं, आणि आपलाच आवाज भिंतींवरून मोठा होऊन परत आलेला ऐकला. दोनशे बायका एकदम गप्प झाल्या. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात वारं शिरलं म्हणायला हरकत नाही. त्या परत टेबलापाशी आल्याच नाहीत. तिथूनच सुरू झाल्या.

आणि काय बोलल्या. स्वतः शिट्टीबाई कबूल करतात, तसं त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. हळू बोललेलं शेवटच्या रांगेपर्यंत जात होतं. हाताची घडी घातलेली एक धिप्पाड बाई होती, ती तिसऱ्या मिनिटाला हसली. शेवटी कोण जेवतं, हे विचारल्यावर दोघीतिघींनी डोळे पुसले. शिट्टी झाली नाही, तर त्या आणखी बोलल्या. अजून झाली नाही, तर आणखी. सासूबाईंचा किस्सा सांगितला, चुलत नणंदेचा सांगितला, हॉल हसून हसून लोटपोट. पाऊण तास झाला तेव्हा त्यांची नजर हातातल्या घड्याळाकडे गेली. त्या चालत टेबलापाशी गेल्या आणि कुकरला हात लावला.

गार होता. स्टोव्ह पेटवलाच नव्हता.

आडोशामुळे समोरच्यांना काहीच दिसत नव्हतं. दोनशे बायका माना उंचावून बघत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि हॉल हसला असता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ती कचेरीतली जागा आली आणि दाराला धरून उभी असलेली धाकटी आली. चव बघायला सगळ्यांना पुरावेत म्हणून त्या रोज सकाळी लॉजवर डबाभर बटाटे उकडून आणायच्या. तो डबा टेबलाखाली होता. वेळ फार झाला, तुम्हाला घरी जायचं असेल, असं म्हणून त्यांनी तो उघडला आणि फोडी वाटल्या. हेही कुकरमध्येच उकडलेले आहेत, यात खोटं काय, अशी स्वतःची समजूत घातली. बायकांनी खाल्लं, वाखाणलं, आणि एका दिवसात इतके कुकर नोंदवले की तसा आकडा कंपनीत कुणी पाहिला नव्हता.

ड्रायव्हरमामांनी मोरीवर कुकर उघडला आणि कच्चे बटाटे पाहिले. परतीच्या वाटेवर त्यांनी नेहमीची गाणी म्हटली नाहीत.

साहेब बेहद्द खूश. जागा तुमचीच समजा, म्हणाले. सहा आठवडे शिट्टीबाई हवेत होत्या. मग एक दिवस साहेबांनी बोलावून घेतलं. त्या वसाहतीत एक बाई भाजली होती. घरी शिवणकाम करायची, सगळे तिला शिवणवाल्या वहिनी म्हणत. आयुष्यातली पहिली शिट्टी ऐकून तिला वाटलं, झालं, आता उघडायचं. झाकण फिरेना, तेव्हा बत्त्याने ठोकून फिरवलं. उजवा हात कोपरापर्यंत आणि गळ्याची एक बाजू. जीव वाचला होता, पण कात्री धरता येईल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. वसाहतीतल्या बायकांनी कुकर परत करायचं ठरवलं होतं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. घाई केली की भाजतं, त्यात कुकरचा काय दोष, एवढं जाऊन पटवून द्या. “तुम्ही बोललात की पटतं, बाई. मीही येतो. ते झालं की तुमच्या कागदावर सही करतो.”

त्या घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. नवऱ्याने घड्याळ खाली ठेवून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. उघडायचं कसं ते तू नेहमी कधी सांगतेस, एवढंच त्याने विचारलं. शिट्टीनंतर, त्या म्हणाल्या. आणि त्या दिवशी शिट्टी झालीच नव्हती. बाकीच्या बायकांपैकी कुणाची थोरली मुलगी कुकर वापरणारी, कुणाची शेजारीण, म्हणून त्या वाचल्या होत्या. वहिनींना विचारायला कुणी नव्हतं. त्यांच्याकडे होतं ते फक्त ते पाऊण तासाचं भाषण.

दुसऱ्या खेपेला हॉलमध्ये साठ-सत्तर बायका आल्या. बहुतेकींच्या मांडीवर पिशवीत घातलेला कुकर होता, परत द्यायला आणलेला. साहेब मागच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले होते. वहिनी बाजूला, भिंतीशी, जाजमाच्या कडेला बसल्या होत्या. बारीक, सावळ्या, उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत पांढरी पट्टी. माईकवाल्याने दांडी उभी केली होती. शिट्टीबाईंनी त्याला ती न्यायला सांगितली. मामा आडोसा लावायला लागले, तोही नको म्हणाल्या. मामांनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पत्रा मुकाट्याने भिंतीला टेकवून ठेवला.

त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एकीला हेरलं नाही, सगळ्यांकडे बघितलं.

“मागच्या वेळी मी इथे पाऊण तास बोलले,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी कुकर तापलाच नाही. मी स्टोव्ह पेटवायला विसरले होते. तुम्ही खाल्लेले बटाटे मी सकाळी लॉजवर उकडलेले होते. झाकण कधी उघडायचं, ते मी शिट्टी झाल्यावर सांगते. शिट्टी झाली नाही, म्हणून ते राहिलं. स्टोव्ह पेटला नाही हे मला तिथेच कळलं होतं, तरी मी गप्प बसले. वहिनींचा हात माझ्यामुळे भाजला.”

मागे कुणीतरी मांडीवरचा कुकर फरशीवर ठेवला, त्याचा आवाज झाला. मग एका वयस्क बाईने शांतपणे विचारलं, “मग त्या दिवशी आम्ही विकत घेतलं तरी काय?”

“माझं बोलणं,” शिट्टीबाई म्हणाल्या.

साहेब उठून बाहेर गेले. ती जागा पुढे दुसऱ्या एका बाईंना मिळाली, चांगल्या होत्या त्याही. शिट्टीबाई आणखी चौदा वर्षं निळ्या व्हॅनमधूनच फिरल्या आणि धाकटी दाराशी उभी राहायची ती मोठी होऊन आपसूक थांबली. त्याचं दुःख त्यांना अजून आहे, त्या ते लपवत नाहीत. मुलींचं लहानपण मी लॉजच्या खिडक्यांतून काढलं, असं म्हणतात.

पण त्या दुपारी साहेब गेलेले त्यांना दिसलेसुद्धा नाहीत. कुकर परत करायचे असतील त्यांचे घेते, त्या म्हणाल्या, पण ठेवणार असाल तर एकदा पूर्ण बघून जा, नाहीतर उद्या आणखी कुणीतरी भाजेल. त्यांनी काडी ओढून स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत सगळ्यांना दिसली. बटाटे, पाणी, झाकण, शिट्टी. आणि मग त्या गप्प राहिल्या. ती आठ मिनिटं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच रिकामी सोडली. हात बांधून कुकरकडे बघत उभ्या राहिल्या आणि हॉलही कुकरकडे बघत राहिला. फुसफुस सुरू झाली तेव्हा पुढच्या बायका सरकल्या. वहिनींनी डोळे मिटून घेतले. शिट्टी झाली, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

शिट्टीबाईंनी स्टोव्ह बंद केला. आता दहा मिनिटं हात लावायचा नाही, एवढंच म्हणाल्या. वाफ आपली आपण जाऊ द्यायची. एकीने घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. एक लहान मूल कुरकुरलं, त्याच्या आईने त्याला थोपटलं, पण बाहेर नेलं नाही. त्यांच्यातली एकही निघून गेली नाही.

तेवढ्यात वहिनी उठल्या. पट्टीचा हात छातीशी धरून, बसलेल्या बायकांमधून वाट काढत टेबलापाशी आल्या. शिट्टीबाईंना वाटलं, आता ही बोलेल ते ऐकून घ्यायचं, शिव्या दिल्या तरी ऐकून घ्यायच्या. भिऊन बसलेल्या, चिडलेल्या, हुज्जत घालणाऱ्या बायकांना द्यायची चाळीस उत्तरं त्यांना पाठ होती. वहिनींचा आवाज इतका हळू होता की शिट्टीबाईंनाच पुढे वाकावं लागलं.

“मी तेव्हाही तिथेच बसले होते, बाजूला,” वहिनी म्हणाल्या. “तिथून आडोशाच्या आतलं दिसत होतं. स्टोव्ह पेटलेला नाही, हे मला दिसत होतं. सांगणार होते. पण तुम्ही इतकं छान बोलत होतात, की वाटलं, मलाच यातलं काही कळत नसेल.”

टेबलाची कड धरून शिट्टीबाई उभ्या राहिल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

“तुम्हाला बरोबर कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या बोलण्यापायी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाहीत.”

वहिनींनी मान हलवली. मग डावा हात कुकरच्या दांड्याकडे नेला, पण लावला नाही, मध्येच धरून ठेवला.

“आता उघडायचं?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही,” शिट्टीबाई म्हणाल्या. “वाफ गेली असं तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा.”

मग दोघी टेबलाशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि साऱ्या हॉलसमोर वहिनींनी, या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी, कुकर निवायची वाट बघितली.